हरल्यानंतरचं भाषण

भूगोलाच्या सरांना फुटबॉलचा संघ मिळाला तो दाढदुखीच्या कृपेने.

शाळा शहराच्या कडेला होती. एकसारख्या घरांच्या रांगा जिथे संपतात आणि कोणाला नको असलेली मोकळी जागा सुरू होते, तिथे. सरकारी शाळा. वर्गांचे पंखे फिरण्यापेक्षा बोलायचे जास्त, आणि भिंतींचा रंग कोणी पसंत केला होता हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. पण या शाळेला एका गोष्टीचा भारी अभिमान, ती म्हणजे उपक्रम. आत शिरताच मोठा फलक: नाट्य, वादविवाद, वाद्यवृंद, सुतारकाम, बागकाम, बुद्धिबळ, फुटबॉल. शिक्षण खात्याचा कोणी साहेब आला की त्याला आधी या फलकासमोर उभं करायचं, मग चहा द्यायचा, आणि मग शक्यतो वर्गांकडे जाऊच द्यायचं नाही.

प्रत्येक शिक्षकाने एक उपक्रम चालवायचा असा नियम होता, आणि वाटणी व्हायची सत्राच्या पहिल्या बैठकीत. जो हजर तो झेपेल ते मागून घ्यायचा. बुद्धिबळावर तर झुंबड उडायची, कारण त्यात शिक्षकाला नुसतं गप्प बसायचं असतं. जो गैरहजर त्याच्या गळ्यात उरलेलं पडायचं. म्हणून एरवी ताप आल्यावर लगेच सुटी टाकणारी मंडळी त्या दिवशी मात्र कण्हत का होईना, पण यायची.

भूगोलाचे सर नव्यानेच लागलेले. त्यांना ही रीत कोणी सांगितलीच नव्हती, आणि नेमके त्याच दिवशी ते दाढ काढायला गेले. दुसऱ्या दिवशी गाल सुजवून आले तर शिपायाने त्यांच्या हातात एक शिट्टी ठेवली. तोंड उघडत नसल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. सूज उतरेपर्यंत संघाचा फोटोही काढून झाला होता.

फुटबॉलमधलं सरांना काय कळत होतं? चेंडू समोरच्या जाळ्यात घालायचा आणि आपल्यात येऊ द्यायचा नाही, इतकं. बाकी सगळं त्यांनी मुलांच्या भरवशावर सोडलं आणि मुलांनी ते देवाच्या भरवशावर. पहिलाच सामना संघ असा हरला की शेवटी शेवटी समोरच्या संघालाच लाज वाटायला लागली. मुलं मैदानाच्या कडेला बसून रडायला लागली. सर उभे. काय करावं सुचेना. माणसाला काही सुचलं नाही की तो चष्मा पुसतो. सरांनी पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बोलायला सुरुवात केली.

"मुलांनो, तुम्हाला वाटतंय आज पृथ्वी थांबली. मी भूगोल शिकवतो, मला विचारा. नाही थांबली. उद्या सकाळी सूर्य त्यांच्या शाळेवर उगवेल आणि आपल्याही शाळेवर उगवेल, आणि दोन्हीकडे एकदमच उगवेल, कारण त्यांची शाळा इथून दोन बसथांब्यांवर आहे. जिंकलेत म्हणून त्यांना आधी ऊन मिळणार नाही."

एक मुलगा रडता रडता हसला. मग सर जे सुटले ते सुटलेच. समुद्र रोज किनाऱ्यावर हरून परत जातो आणि तरी नकाशात निळा रंग त्याचाच जास्त आहे. डोंगर जिंकल्यासारखा उभा असतो, पण त्याचीच माती धुपून खाली येते आणि सपाटीवरच्या माणसांचं पोट भरते. भाषण संपलं तेव्हा मुलांचे डोळे पुसलेले होते, आणि गंमत म्हणजे रेफरीही निघायचा थांबला होता.

त्या दिवसापासून संघ हरत गेला आणि सर गाजत गेले.

थोड्याच वर्षांत अशी वेळ आली की सामना बघायला कोणी यायचं नाही, पण सामना संपत आला की मैदानाच्या कडेला गर्दी जमायची. उपाहारगृहातली मावशी हात पुसत यायची. बढती हुकलेले गणिताचे सर एक कोपरा धरून उभे राहायचे. ज्याचं दुकान बुडालं होतं असा एका मुलाचा बाप दर सामन्याला यायचा, आणि त्याचा मुलगा शाळा सोडून गेला तरी यायचा. सरांनी चष्मा काढला की सगळे गप्प. वादविवादवाले हरून आले की त्यांच्या बाई निरोप पाठवायच्या, "सर, जरा पाच मिनिटं येता का? फार मनाला लावून घेतलंय मुलांनी." सरांजवळ सगळ्या मापाचं होतं: थोडक्यात हरल्याचं वेगळं, सपाटून हरल्याचं वेगळं, रेफरीच्या चुकीने हरल्याचं तर खास. मुलं त्यांना पाठीमागे सांत्वनसर म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. का आवडू नये? वर्गात हे गृहस्थ वाऱ्यांचे प्रकार सांगू लागले की मागच्या बाकावर माना टाकल्या जात. घरी बोलण्याचं खातं पत्नीकडे होतं. त्या टपाल कचेरीच्या खिडकीमागे उभा जन्म बसलेल्या, त्यामुळे समोरचा काय सांगणार हे त्याने तोंड उघडण्याआधीच त्यांना कळे. शाळेतली मुलं त्यांना काकू म्हणत. तर जगात एकच जागा अशी होती, की जिथे सर बोलत आणि माणसं ऐकत. ती म्हणजे हरलेल्या मैदानाची कडा.

आता यात एक घोळ झाला होता, आणि तो सगळ्यांच्या आधी दिसला मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नव्या आलेल्या, शिस्तीच्या, आणि ऐकण्यापेक्षा बघणाऱ्या. त्या एका सामन्याला सुरुवातीपासून बसल्या. संघावर एक गोल झाला होता आणि खेळ अजून बराच बाकी होता. तेवढ्यात बचावाच्या दोन पोरांनी एकमेकांना खूण केली आणि ती हळूहळू कडेकडे सरकू लागली. बाईंना वाटलं हा काही डाव असेल. तो डाव नव्हता. भाषणाला पुढची जागा मिळावी म्हणून ती आधीच येऊन बसत होती. गोलरक्षक तर वाकून समोरच्याला वाट करून देतो की काय असं वाटत होतं. त्याला सगळे 'दार' म्हणत, कारण ते कायम उघडं असे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांना खोलीत बोलावलं.

"सर, तुमचं भाषण मी ऐकलं. रुमाल काढावा लागला मला."

"नाही हो, कसलं काय," सर लाजून म्हणाले.

"तेच सांगतेय. ते इतकं चांगलं आहे की पोरं त्याच्यासाठी हरतात."

सरांचा हात चष्म्याकडे गेला.

"लहान मुलाला औषध गोड लागलं की ते मुद्दाम खोकतं, तसं झालंय हे," बाई म्हणाल्या. "आजपासून भाषण बंद. आणि साखळीतला शेवटचा सामना आपल्या मैदानावर आहे, तो जिंका. नाही जिंकलात तर पुढच्या वर्षी फुटबॉल व्यायामाच्या मास्तरांकडे आणि तुम्ही बागकामाला."

"समोर कोण आहे शेवटच्या सामन्यात?"

बाईंनी सांगितलं, आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर होता पलीकडच्या उपनगरातल्या शाळेचा संघ. तो संघ कधी हरत नसे. आणि त्याचा प्रशिक्षक होता सरांचा मुलगा.

इथे थोडं मागे जायला हवं. हा मुलगा याच शाळेत शिकला आणि बापाच्याच संघात खेळला. बरा खेळायचा, त्यामुळे त्या संघात उठून दिसायचा. एका सामन्यात त्याने घाईत आपल्याच जाळ्यात चेंडू मारला आणि संघ हरला. त्या दिवशी सरांनी जन्मात केलं नसेल असं भाषण केलं. पोराचं नाव न घेता सगळं त्याच्यासाठीच. मावशीने पदर डोळ्यांना लावला. आणि सगळे पांगल्यावर पोरगा बापाला म्हणाला, "बाबा, तुम्ही खोटं बोलता." दुसऱ्या दिवशी त्याने संघ सोडला.

पुढे तो खेळाचंच शिकला, प्रशिक्षक झाला, आणि झाला तोही असा की त्याच्या पोरांना हरणं माहीतच नाही. दर रविवारी तो जेवायला यायचा. जेवताना हवा, बसचं भाडं, शेजाऱ्यांचा कुत्रा असे सगळे विषय निघायचे. फुटबॉलचा निघायचा नाही. काकूंनी तसा दंडकच घातला होता, "ताटावर चेंडू नको." पण सरांच्या मनात एक सल होता तो होताच. सगळं गाव आपलं ऐकून डोळे पुसतं, आणि ज्याच्यासाठी सगळ्यात जीव तोडून बोललो त्याला ते खोटं वाटलं. एकदा, फक्त एकदा त्याने कडेला उभं राहून ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि आता तर बोलायलाच बंदी.

त्या रविवारी काकूंनीच दंडक मोडला. दोघं मान खाली घालून भात कालवत होते. काकू म्हणाल्या, "शनिवारी म्हणे तुमची दोघांची झुंज आहे."

"झुंज कसली, सामना आहे," सर म्हणाले.

"हरलात तर बागकाम, असं मावशी सांगत होती टपालात आली तेव्हा."

मुलाने मान वर केली. "खरं का बाबा?"

"बागकामही चांगलं असतं. मोकळी हवा," सर म्हणाले.

"तुम्हाला घरातली तुळतुळीत प्लॅस्टिकची वेल सांभाळता आली नाही," काकू म्हणाल्या. "ती वाळली."

"बाबा, मी मुलांना मुद्दाम हरायला सांगणार नाही," मुलगा म्हणाला.

"सांगितलंस तर याद राख," सर म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत फुटबॉलवर बापलेकांचं झालेलं हे पहिलं बोलणं.

सोमवारी सरांनी संघाला मैदानाच्या कडेला बसवलं. मुलं नेहमीसारखी अर्धगोल करून बसली. सरांना आडवळणाने बोलायला जमत होतं, पण खोटं बोलायला जमत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळच सांगून टाकलं.

"शनिवारी हरलात तर मी एक शब्द बोलणार नाही."

मुलांना वाटलं सर चेष्टा करतायत.

"काहीच नाही? समुद्राचं पण नाही?" दारने विचारलं.

"काहीच नाही. हरायचं आणि मुकाट्याने घरी जायचं."

मुलांचे चेहरे असे झाले, जणू कोणी त्यांच्या घराचं छप्पर काढून नेलं. संघाची कप्तान एक चणीने लहान, तोंडाने तिखट मुलगी होती. तिला ठिणगी म्हणत. ती उठून उभी राहिली. "सर, मग आम्ही हरलो तर आमचं काय?"

"तेच तर," सर म्हणाले. "म्हणून हरू नका."

आजवर हा इतका साधा उपाय त्या संघाला कोणी सुचवलाच नव्हता. त्या आठवड्यात पोरं शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत धावली. खेळ सुधारला का? फारसा नाही. पण आता चेंडू अंगावर आला की बाजूला होण्याची सवय मोडली, आणि या संघाच्या मानाने ती क्रांतीच होती.

शनिवारी मैदानावर ही गर्दी. मावशीने उपाहारगृह बंद ठेवलं होतं. दुकान बुडालेला बाप नवा शर्ट घालून आला होता. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. काकू आयुष्यात पहिल्यांदा सामन्याला आल्या. कोणाच्या बाजूला बसणार, म्हणून सगळ्यांचं लक्ष. काकूंनी मैदानाची मधली रेघ कुठे संपते ते नीट पाहिलं आणि बरोबर त्या टोकावर घडीची खुर्ची उघडली. एक पाय नवऱ्याकडे, एक मुलाकडे. "मला विचारू नका कोण जिंकावं ते," त्यांनी शेजारणीला सांगितलं. "उद्या रविवारी दोघंही माझ्याच घरी जेवायचे आहेत."

खेळ सुरू झाला आणि दोन्ही संघांतला फरक आंधळ्यालाही कळला असता. मुलाच्या संघाची पोरं एका तालात धावत होती. सरांच्या संघाची पोरं एकमेकांवर आदळत होती, पण आदळून पुन्हा उठत होती, हे नवीन होतं. चेंडू दारच्या पोटावर आला, दार कोसळला, पण गोल झाला नाही. मग त्याच्या गुडघ्यावर आला. मग तोंडावर. दर वेळी तो उठून स्वतःकडेच आश्चर्याने बघायचा. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला तेव्हा त्याने खांबाला मिठी मारली आणि रेफरीने त्याला समज दिली. पलीकडे सरांचा मुलगा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती, फक्त हे काय चाललंय असा प्रश्न होता.

सामना संपत आला तरी दोन्हीकडे भोपळाच. पण बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, हे मोठ्या बाईंनी स्पष्ट केलेलं होतं.  सरांना बागेतलं खुरपं दिसू लागलं. आणि काही सुचेना तेव्हा त्यांच्या हातांनी जे नेहमी केलं तेच केलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मैदानाच्या मधोमध ठिणगीने ते पाहिलं. तिचा विश्वास बसेना. सर चष्मा पुसतायत? म्हणजे सरांनी धरलंच की आम्ही हरलो? अजून खेळ चालू आहे आणि हे मेले चष्म्याचा फडका काढून बसले! ती तिथूनच ओरडली, "ओ सर! चष्मा घाला आधी!" आणि रागाच्या भरात समोरून येणारा चेंडू तिने असा काही लाथाडला की तो तिला स्वतःलाच कुठे गेला ते दिसलं नाही. तो समोरच्या बचावपटूच्या पाठीवर आपटला, दिशा बदलून गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेला आणि जाळ्यात पडला.

 या बाजूला गोल झाल्यावर काय करायचं असतं याचा कोणाला सरावच नव्हता. मग दुकान बुडालेला बाप असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. सरांचा चष्मा हातातच होता, त्यामुळे त्यांना गोल दिसलाच नाही. "काय झालं? काय झालं?" म्हणून ते मावशीला विचारत राहिले.

शिट्टी झाली. जिंकले.

मोठ्या बाई उठून आल्या, सरांशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "फुटबॉल तुमच्याकडेच राहील. बागकाम व्यायामाच्या मास्तरांना देते." व्यायामाचे मास्तर शेजारीच उभे होते. ते गेल्या महिन्यापासून नवी शिट्टी घेऊन फिरत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

पोरं नाचून, लोळून, दारला उचलून आणि खाली पाडून झाल्यावर सवयीने कडेला आली आणि अर्धगोल करून बसली. गर्दीही मागे जमली. सगळे सरांकडे बघू लागले. सर पुढे आले. त्यांनी चष्मा पुसला, घातला, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. इतक्या वर्षांत जिंकल्यावरचं एक वाक्यसुद्धा त्यांनी कधी जमवलं नव्हतं. समुद्र जिंकल्यावर काय करतो? डोंगराचं काय होतं? सगळा भूगोल कोरडा पडला.

"छान," सर म्हणाले. मग बराच विचार करून म्हणाले, "पाणी प्या."

मुलं पडल्या चेहऱ्याने पाणी प्यायला उठली. गणिताचे सर म्हणाले, "एवढ्यासाठी मी थांबलो होतो?"

तेवढ्यात पलीकडून रडण्याचा आवाज आला. मुलाच्या संघाची ती तालात धावणारी पोरं गवतावर पडली होती. कोणी तोंड लपवलं होतं, कोणी बूट काढून फेकला होता. हरायची सवय नसलेली पोरं फार वाईट हरतात. ज्याच्या पाठीवर आपटून चेंडू जाळ्यात गेला तो मुलगा एकटा दूर बसला होता, आणि त्याच्याजवळ कोणी जात नव्हतं. सरांचा मुलगा त्यांच्यामध्ये उभा होता. तोंड उघडायचा, मिटायचा. जिंकण्याचं सगळं शिक्षण त्याने घेतलं होतं, पण हा धडा त्याने वर्गातच सोडला होता. शेवटी तो मैदान ओलांडून बापाकडे आला.

"बाबा, जरा बोलता का त्यांच्याशी?"

 इतकी वर्षं सरांनी ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. थोडक्यात हरल्याचं भाषण त्यांच्या जिभेवर तयार होतं, समुद्रासकट. मोठ्या बाईंनीही मान वळवून परवानगी असल्यासारखं दुसरीकडे पाहिलं. सरांनी मुलाकडे पाहिलं, पलीकडच्या पोरांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की हे आज जमणार नाही.

"मी नाही बोलायचं," ते म्हणाले.

"का? रागावलात?"

"अरे, मी जिंकलोय. जिंकलेल्याने हरलेल्याची समजूत घालायची नसते, ती टोचते. मी आजवर बोलू शकलो कारण मीसुद्धा त्यांच्याबरोबर हरलेला असायचो. आज हरलायस तू. तू बोल."

"मला नाही येत हो तसं."

"मलाही येत नव्हतं. जा."

मुलगा परत गेला. सर मागोमाग गेले, पण थोडे लांब उभे राहिले. काकू खुर्ची घडी करून त्यांच्या शेजारी आल्या. सरांची पोरंही पाणी सोडून आली, कारण भाषणाचा वास त्यांना लांबून यायचा. मुलगा एकट्या बसलेल्या पोराजवळ जाऊन बसला आणि तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागला. समुद्र नाही, डोंगर नाही.

"मी याच मैदानावर स्वतःच्या गोलात चेंडू मारला होता. तुमच्याएवढाच होतो. तेव्हा बाबांनी भाषण केलं, की हरण्यात काही वाईट नाही. मी म्हटलं, खोटं बोलताय तुम्ही. मग आम्ही घरी निघालो. ते पुढे, मी मागे. कोपऱ्यावरच्या भिंतीशी ते बुटाची नाडी बांधायला वाकले. बराच वेळ वाकलेलेच. खांदे हलत होते." त्याने बापाच्या पायांकडे बोट केलं. "आमच्या बाबांच्या बुटांना कधीच नाडी नसते."

दोन्ही संघांनी वळून सरांच्या बुटांकडे पाहिलं.

"मला वाटलं, माझ्यामुळे रडतायत. म्हणून मी ठरवलं, आता हरायचंच नाही. यांना परत वाकायला लावायचं नाही. आणि तुम्हालाही तेच शिकवत बसलो. आज हरलो. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण ते बघा, ते तिथे उभे आहेत. ते रडले होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरांना घेऊन इथे आलेच होते. तेवढं जमलं की झालं. चल, ऊठ."

पाठीवर गोल झालेला मुलगा नाक पुसत उठला. ठिणगी पुढे झाली आणि आपली पाण्याची बाटली तिने त्याच्या हातात दिली. 

सर जागच्या जागी उभे होते. मान ताठ, ओठ घट्ट, आणि हनुवटी मात्र त्यांचं ऐकत नव्हती. काकूंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं, घडीची खुर्ची उघडली आणि ती गर्दीच्या आणि त्यांच्या मध्ये आडोशासारखी धरली.

"वाका आता," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी बघत नाहीये."